बेळगावची जुनी पेठ एका मुक्कामात कशी पाहावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचं एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने गोव्याला निघालं आहे. नवरा-बायको, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या आई, ज्यांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. बेळगावात एक रात्र मुक्काम आहे. जुनं शहर आणि बाजारपेठ पाहण्यासारखी आहे का, गाडी कुठे लावायची, काय आधी आणि काय नंतर पाहायचं, आणि महाराष्ट्राच्या नंबरप्लेटमुळे काही त्रास होतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

पाहण्यासारखी नक्कीच आहे. जुन्या गल्ल्यांतून पाहुण्यांना फिरवणं हेच माझं काम आहे, आणि बरीच वर्षं ते करतो आहे. त्यामुळे नुसती ठिकाणांची नावं न देता, मी पाहुण्यांना ज्या पद्धतीने फिरवतो तीच सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. बाहेरून येणारे लोक बेळगावात एखादं मोठं स्मारक शोधतात, ते सापडत नाही, आणि कुंदा ही इथली मिठाई घेऊन पुढे निघून जातात. हे गाव तसं पाहायचं नसतं. बेळगाव म्हणजे शेजारी शेजारी वाढलेल्या चार वस्त्या आहेत: किल्ला, पेठ, कॅम्प आणि शहापूर. प्रत्येकीचा धनी वेगळा होता, रस्त्यांचं वळण वेगळं आहे, काही ठिकाणी तर सणाचा दिवससुद्धा वेगळा आहे. या वस्त्यांच्या शिवा, म्हणजे हद्दी, पायी ओलांडल्या की शहर कळायला लागतं. आणि चारही वस्त्या इथे का जमल्या, तर कोकणातून आणि गोव्याच्या बंदरांतून घाट चढून आलेला माल नि माणसं इथे टेकायची म्हणून. तुम्ही ज्या वाटेने खाली उतरणार आहात, त्याच वाटेवरचं हे मुक्कामाचं गाव आहे.

रस्त्याबद्दल फार सांगायला नको. पुणे ते बेळगाव साधारण 340 किलोमीटर, कोल्हापूरपासून 110च्या आसपास. कोगनोळी नाका, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी घाट, काकती आणि मग शहर. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर, मुलांना गाडीतच सांगून ठेवा. पहाटे निघून दुपारी जेवायच्या वेळेला पोहोचाल असं बघा, म्हणजे आईंना दोन तास पाठ टेकता येईल. संध्याकाळ नीट मिळाली पाहिजे, कारण पेठ संध्याकाळचीच.

गाडी मुक्कामाच्या ठिकाणीच राहू द्या. स्टेशन, क्लब रोड, कॉलेज रोड या भागात उतरलात तर पेठ रिक्षाने काही मिनिटांवर आहे. बापट गल्लीत वाहनतळ आहे, पण दिवाळीच्या आठवड्यात तिथे जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत. कुठे एकेरी वाहतूक आहे, कुठे सम-विषम तारखेनुसार गाडी लावायची पाटी आहे, आणि ही पाटी कन्नडमध्ये असेल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो आनंदाने सांगेल. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. मीटरवर जायची सवय इथे फारशी नाही.

नंबरप्लेटबद्दल. एरवीच्या दिवसांत काही अडचण येत नाही. कोल्हापूर, चंदगड, सावंतवाडीच्या गाड्या इथे रोज बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला येतात. मात्र 1 नोव्हेंबर ही तारीख टाळा. त्या दिवशी राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनाच्या, मिरवणुका चन्नम्मा चौकाकडे असतात, मराठी भाषक त्याच दिवशी काळा दिन पाळतात, मोठे रस्ते बंद असतात आणि बंदोबस्त कडक असतो. दिवाळी पुष्कळदा याच सुमाराला येते, म्हणून मुद्दाम सांगतो. हिवाळ्यात, बहुधा डिसेंबरमध्ये, सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा चांगल्या हॉटेलांत खोल्या मिळत नाहीत. सीमाप्रश्न इथल्या घराघरात जिवंत आहे. कुणी आपणहून बोललं तर मन लावून ऐका, पण उपाहारगृहात बसून मोठ्या आवाजात त्यावर निवाडा देऊ नका. इथली माणसं तो प्रश्न रोज जगतात.

आता फिरणं. दुपारी चारच्या सुमारास किल्ल्यापासून सुरुवात करा. महामार्गाकडून शहरात येताना किल्ला तलावाजवळचा उंच ध्वजस्तंभ दिसतो, 110 मीटरचा. मुलांना तो लांबूनच हेरायला सांगा, किल्ला तिथून जवळच आहे. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या पुणेकरांना हा पहिल्यांदा किल्लाच वाटत नाही, कारण तो सपाटीवर आहे आणि त्याचा सगळा भरवसा खंदकावर होता. खंदक नीट पाहा. बहमनी वजीर महमूद गवान 1472 मध्ये या किल्ल्यावर चालून आला तेव्हा त्याला सुरुंग लावून तट फोडावा लागला होता. पुढे 1818 मध्ये इंग्रजांनाही एकवीस दिवस वेढा घालून बसावं लागलं. गवानाला हा किल्ला कशासाठी हवा होता? गोवा. घाटमाथा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती बंदराची वाट.

आत गाडीरस्ता आहे, त्यामुळे आईंना रिक्षातून थेट कमल बस्तीच्या दारापर्यंत नेता येईल. हे नेमिनाथाचं जैन मंदिर 1204 सालचं, रट्ट राजांच्या काळात त्यांचा अधिकारी बिचिराज याने बांधलेलं. आत गेल्यावर मान वर करा. मंडपाच्या छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतं आहे, त्याला बहात्तर पाकळ्या आहेत: भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. मुलांना मोजू द्या. खांब इतके गुळगुळीत घोटलेले आहेत की त्यांत माणसाची सावली हलताना दिसते. या मंदिराच्या दानाचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्या गावाला दान द्यायला आणि ते दगडावर कोरून ठेवायला ऐपतीचे व्यापारी होते, ते गाव आठशे वर्षांपूर्वीच बाजाराचं होतं, एवढं लक्षात ठेवून पेठेकडे निघायचं.

त्याआधी किल्ल्यातच दोन ठिकाणं आहेत. एक साफा मशीद, आदिलशाहीतला सरदार असदखान याच्या नावाशी जोडलेली. तिचे खांब बघितले की जुन्या देवळांचं काम लगेच ओळखू येतं. हा सगळा भाग लष्कराच्या हद्दीला लागून आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा, आणि कुणी अडवलं तर हुज्जत न घालता मागे फिरा. दुसरं रामकृष्ण आश्रमाचं स्मारक. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, आधी रिसालदार गल्लीत वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे उतरले, मग किल्ल्यात वन खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी राहिले. काठी घेतलेल्या परिव्राजक संन्याशाचं त्यांचं जे छायाचित्र आपण पाहतो, ते याच मुक्कामात बेळगावात काढलेलं. तेव्हा त्यांचं नाव जगाला माहीत नव्हतं. वाटसरूला ठेवून घेण्याची इथली रीत त्यांच्याही वाट्याला आली. आश्रमाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.

साडेपाच-सहाला पेठेत या. मध्यवर्ती बसस्थानक किल्ल्याजवळच आहे आणि तिथून बाजाराचा भाग सुरू होतो. आईंना रिक्षाने नरगुंदकर भावे चौकापर्यंत न्या, बाकीच्यांनी चालत या. या चौकाचं नाव 1858च्या बंडाशी जोडलेलं आहे. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे इंग्रजांविरुद्ध उठले आणि त्यांना बेळगावातच फाशी दिलं गेलं. दिवाळीत हा चौक झेंडू, ऊस, पणत्या, आकाशकंदील यांनी इतका भरून जातो की पाय ठेवायला जागा नसते. इथे घाई करू नका. कुठे एखादी पायरी मिळाली तर आईंना बसवा आणि नुसतं ऐका. फुलवाली गिऱ्हाईक बघून मराठी बोलते, पुढच्या क्षणी मागून आलेल्या खेडुताशी कन्नड, शेजारच्या बागवानाशी दख्खनी. गोव्याहून बस्त्याला आलेलं कुटुंब असलं तर कापडदुकानात कोकणीही ऐकू येते. गोव्याकडून लग्नाच्या खरेदीला लोक अजून बेळगाव गाठतात, आणि इथली भाजी, दूध रोज घाट उतरून गोव्याला जातं. घाटावरचा व्यवहार थांबलेला नाही, बैलांच्या जागी टेम्पो आले एवढंच.

खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, पांगुळ गल्ली, रविवार पेठ, मेणसे गल्ली, कांबळी खूट, झेंडा चौक. ही नावं सांगतोय ती क्रमाने पाठ करण्यासाठी नाहीत. खडे बाजाराचा कणा धरून ठेवा आणि हवं तिथे आत शिरा, हरवलात तर कुणालाही "खडे बाजार कुठल्या अंगाला?" विचारा. रविवार पेठेत घाऊक किराण्याची दुकानं आहेत: मिरची, गूळ, हळद, सुकं खोबरं. तिथला वास हेच तिथलं पाहणं. हमाल पाठीवर पोती घेऊन येतात, त्यांना वाट सोडा आणि मुलांचा हात धरा. पांगुळ गल्लीत अश्वत्थाम्याचं देऊळ आहे, आणि असं देऊळ दुसरीकडे क्वचितच सापडेल. धुळवडीच्या दिवशी या गल्लीत रंगात भिजलेली माणसं रस्त्यावर लोटांगण घालतात. बाराव्या वर्षी मुलांना चिरंजीवांची नावं पाठ असतात, त्यांना हे देऊळ फार आवडतं.

दिवाळीत येताय म्हणून तुम्हाला एक गोष्ट मिळणार आहे जी एरवी येणाऱ्याला मिळत नाही, आणि माझ्या मते तुमच्या मुलांसाठी ती अख्ख्या सहलीतली सर्वात मोलाची ठरेल. बेळगावच्या पोरांचे दिवाळीतले किल्ले. पुण्यातही किल्ले करतात, हे मला माहीत आहे. पण इथे गल्लीतली पोरं मिळून करतात, माती-दगड गाडीने आणतात, आणि रायगड किंवा प्रतापगड करायचा तर बुरूज, दरवाजे, तळी, चोरवाटा जागच्या जागी असल्या पाहिजेत यासाठी आधी जाऊन तो गड बघून येतात. काही किल्ले माणसाच्या डोक्याच्या वर जातात. संध्याकाळी दिवे लावून पोरं शेजारी उभी असतात, आणि तुम्ही थांबलात की त्यांतलं एखादं तुम्हाला हात करून अख्खा गड समजावून देतं. तुमच्या मुलांना प्रश्न विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. हे किल्ले शोधायला पत्ता लागत नाही, पेठेच्या आतल्या राहत्या गल्ल्यांत, शहापुरात, अनगोळला कुणालाही विचारा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार पूजेत असतात, तेव्हा बाजारापेक्षा किल्ले बघा. सीमाभागातल्या पोरांनी हाताला माती लावून हा इतिहास जपला आहे, आणि त्याचं मला फार अप्रूप आहे.

खाण्याचं. पेठेत फिरताना भजी, गिरमिट (चुरमुऱ्यांचा एक प्रकार) असं हलकं काही घ्या आणि रात्री एखाद्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी मागा. इथे शेजाऱ्यांच्या चुली एकमेकींना ओळखतात, त्यामुळे भाकरी मराठी की कन्नड असला प्रश्न पडत नाही. कुंदा आज घेऊ नका, उद्या निघताना घ्या. दूध आटवून, साखर खरपूस होईपर्यंत परतून तो करतात, म्हणून त्याला तो तांबूस रंग आणि रवाळपणा येतो. आज फक्त चव घेऊन दुकान ठरवा. फार पिवळट आणि मऊ दिसला तर आटवणं कमी झालंय असं समजा. मांडे मात्र बघायलाच पाहिजेत. खवा, साखर, खसखस भरलेली कणीक कारागीर हातांच्या पाठीवर घेऊन झुलवत झुलवत कापडासारखी पातळ करतो आणि उपड्या भांड्यावर टाकतो, मग गरम आहे तोवर घडी घालतो. गार झाल्यावर ती घडी मोडते. लग्नसराईत जास्त दिसतात, पण मिठाईच्या दुकानात विचारलं तर करणाऱ्याचा पत्ता मिळतो. प्रवासात मांडे मांडीवर धरून न्यावे लागतात, डिकीत चुरा होतो.

परत येताना किर्लोस्कर रोडवरून या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान घातलं, पुढे लोखंडी नांगर इथेच घडवले, आणि 1910 मध्ये औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. किर्लोस्कर रोडजवळच हुतात्मा चौक आहे. जानेवारी 1956 मध्ये बेळगाव महाराष्ट्रात न घालण्याच्या निर्णयाविरुद्ध लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं गेली. दरवर्षी 17 जानेवारीला इथे अभिवादन होतं. दोन मिनिटं थांबा आणि मुलांना हे सरळ शब्दांत सांगा. बाराव्या वर्षी कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूर. बहुतेक पर्यटक हे सोडतात, आणि मी तर म्हणेन की वेळ कमी पडत असेल तर बाकी काही सोडा पण हे नको. वाटेत कपिलेश्वर मंदिर लागतं. याला दक्षिण काशी म्हणतात. सकाळी सातच्या सुमारास गर्दी कमी असते, आईंना दर्शन निवांत होईल. शेजारच्या तलावात गणपती विसर्जन होतं, आणि बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत चालते. रेल्वेमार्गावरचा पूल उतरून पुढे गेलात की तुम्ही जुन्या हिशोबाने एक शीव ओलांडलेली असते. बेळगावची पेठ आणि कॅम्प इंग्रजांकडे होते, तर शहापूर 1948 पर्यंत सांगलीच्या पटवर्धन संस्थानात. म्हणून शहापुरालाही स्वतःचा खडे बाजार आहे, स्वतःची सराफ गल्ली, कचेरी गल्ली आहे, आणि सांगलीकरांच्या नावाचं चिंतामणराव हायस्कूल आहे. संस्थान जाऊन पाऊण शतक झालं तरी रंग खेळायचा दिवस एक झालेला नाही: बेळगावात धुळवडीला रंग, शहापुरात पाचव्या दिवशी रंगपंचमीला. एकाच महापालिकेत, चालत वीस मिनिटांच्या अंतरावर.

शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा पट्टा. हातमाग आता फार थोडे उरले, यंत्रमागांची खटखट मात्र गल्लीच्या तोंडापासून ऐकू येते. दार उघडं असलं तरी आधी विचारा. "बसा की, चहा घेऊन जावा," असं बहुधा उत्तर येतं. चहा घ्या, आणि माग चालवणाऱ्याचं लक्ष फार वेळ विचलित करू नका, कारण त्याची मजुरी विणलेल्या कापडावर असते. साडी घ्यायची असेल तर त्याच गल्लीतून घ्या आणि किंमत फार पाडू नका. सुताचे भाव, विजेचं बिल आणि सुरतेहून येणारा स्वस्त माल यांच्यात ही घरं दिवस काढत आहेत. विणकरांच्या ज्या पिढीने हे शहापूर उभं केलं, तिच्या नातवंडांनी मागावर बसावं असं वाटायला त्यांना गिऱ्हाईक भेटलं पाहिजे.

कॅम्प गाडीतूनच बघा. इंग्रजांनी 1832च्या सुमारास वसवलेली छावणी आहे: सरळ रुंद रस्ते, जुनी झाडं, बंगले, 1869चं सेंट मेरी चर्च. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथेच आहे. लष्करी आवाराचे फोटो काढू नका. पेठेतल्या दाटीतून आल्यावर या रस्त्यांवर धनी बदलल्याचं लगेच जाणवतं, त्याला पंधरा मिनिटं पुरतात. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या अधिवेशनासाठी खोदलेली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते फक्त याच अधिवेशनात. विहीर आणि शेजारचं त्या अधिवेशनाचं स्मारक, वीरसौध, तुमच्या गोव्याच्या वाटेवरच पडतं, तेव्हा थांबायला हरकत नाही.

गोव्याला जायचं तर पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने साखळीला उतरा. पणजी साधारण सव्वाशे किलोमीटर आहे, पण रस्त्याची हालत दर मोसमात बदलते, म्हणून निघण्याआधी हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर विचारून घ्या. तो खराब असेल तर चंदगडवरून आंबोलीमार्गे सावंतवाडी गाठा, थोडं लांब पडेल पण वाट सोपी आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, देवळाजवळ पंधरा मिनिटं पाय मोकळे करता येतात आणि आईंनाही ते झेपेल. पेट्रोल बेळगावातच भरा. जांबोटीच्या पुढे जंगल लागतं आणि मोबाइलला रेंज नसते. अकरा-साडेअकराला शहर सोडलंत तर जेवायला गोव्यात पोहोचाल. उशीर झालाच तर जेवण बेळगावात उरका, पण दुपारी तीनच्या आत घाटाकडे लागा. कुंद्याचा डबा मागच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, सीटखाली ठेवा.